शेंडेफळाची गोष्ट सांगणाऱ्या बाई

आम्ही शिक्षक मंडळी निवृत्त झालो तरी एक खोड जात नाही. नातवंडांचं नवं पाठ्यपुस्तक हाती आलं की आधी अनुक्रमणिका बघायची. धडे कुठले आहेत यापेक्षा त्या धड्यांत माणसं कोण आहेत, ती कुठल्या घरात राहतात, काय खातात, आईला काय म्हणून हाक मारतात, हे मी बघते. कारण वर्गात वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसत आली. लहान मूल पुस्तक उघडतं तेव्हा ते त्यात स्वतःला शोधत असतं. सापडलं तर खुलतं. नाही सापडलं तर ते पुस्तकाला दोष देत नाही. पुस्तकात येण्याजोगं आपल्यात काही नसावं, अशी ते मनाची समजूत करून घेतं.

हीच गोष्ट न्यूझीलंडमधल्या एका शिक्षिकेनं ओळखली, आणि जी पुस्तकं नव्हती ती स्वतः लिहायला घेतली. पॅट्रिशिया ग्रेस त्यांचं नाव. (आपल्या कवी ग्रेस यांच्याशी गल्लत नको!) त्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. माझी भाची तिकडे असते, तिनं त्यांची 'पोटिकी' ही कादंबरी पाठवली. इंग्रजी मी शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचते, त्यामुळे महिना लागला. मग त्यांची बाकीची पुस्तकं एकेक करून मिळवली. या बाईंच्या लेखनप्रवासाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा प्रपंच.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १८४० साली इंग्रज राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइटांगीचा करार झाला. पुढच्या काही दशकांत लढाया, खरेदी-विक्री आणि कायदे अशा सगळ्या वाटांनी बहुतेक जमीन गोऱ्यांकडे गेली. गोऱ्यांना माओरी भाषेत 'पाकेहा' म्हणतात. १८६७ साली माओरी मुलांसाठी सरकारी 'नेटिव्ह' शाळांचा कायदा आला आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी ठरली. शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेली माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या होती. पुढे हीच माणसं आईबाप झाली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. आपण खाल्लेला मार लेकरांना नको, एवढाच विचार. भाषा मारायची तर ती अशी मायेच्या हातूनही मरते.

पॅट्रिशिया यांचा जन्म १९३७ साली वेलिंग्टनचा. वडील माओरी, आई युरोपीय वंशाची. शिक्षण कॅथलिक शाळांत. शाळेत त्यांना जी पुस्तकं मिळाली ती इंग्लंडची. त्यात माओरी मुलगी तर नव्हतीच, पण न्यूझीलंडचा समुद्रकिनारा, तिथली बोलण्याची ढब, हेही नव्हतं. फ्रँक सार्जसन या लेखकाच्या कथा वाचल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा आपल्या देशातला आवाज छापील पानावर ऐकू आला. नंतर अमेलिया बाटिस्टिच यांच्या कथा वाचनात आल्या. या बाई डाल्मेशियातून न्यूझीलंडला आलेल्या कुटुंबातल्या, आणि लिहायच्या आपल्याच लोकांबद्दल. म्हणजे आपल्या घरातलं, आपल्या माणसांचं लिहिता येतं तर! ही परवानगी कुणीतरी द्यावी लागते. बहुधा ती दुसऱ्या लेखकाकडूनच मिळते.

वेलिंग्टनच्या अध्यापक विद्यालयात शिकून त्या शिक्षिका झाल्या. लग्न झालं. यजमानही माओरी. उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत नोकरी आणि पदरात एकामागून एक सात मुलं. लिहायला सुरुवात झाली ती पंचविशीच्या सुमारास, या सगळ्या रगाड्यात. आपल्यापैकी ज्या बायकांनी वह्या तपासून, स्वयंपाक आवरून, मग काही लिहिण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना जास्त सांगायला नकोच.

त्यांच्या सुरुवातीच्या कथा छापल्या 'ते आओ होउ' या मासिकानं. नावाचा अर्थ 'नवं जग'. १९५२ साली सुरू झालेलं हे मासिक माओरी लोकांसाठीच होतं, आणि माओरी लेखकांची पहिली फळी बरीचशी त्यातूनच घडली. आपल्याकडे लहान मासिकांनी जे काम केलं तेच. १९७२ साली विटी इहिमाएरा यांचा कथासंग्रह आला, तो माओरी लेखकाचा पहिला. पुढच्याच वर्षी त्यांची कादंबरीही आली. आणि १९७५ साली पॅट्रिशिया ग्रेस यांचं 'वाइआरिकी'. माओरी स्त्रीनं लिहिलेला हा पहिला प्रकाशित कथासंग्रह. त्याला पहिल्या पुस्तकासाठीचा पुरस्कारही मिळाला. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, 'मुतुव्हेनुआ' ही कादंबरी. हीसुद्धा माओरी स्त्रीची पहिलीच.

'मुतुव्हेनुआ' म्हणजे चांद्रमासातली शेवटची रात्र, आपली अवस म्हणा. रिपेका नावाची माओरी मुलगी एका पाकेहा शिक्षकाशी लग्न करते. नवरा चांगला आहे, प्रेमळ आहे. तरी शेवटी ती आपलं मूल आपल्या आईकडे वाढायला देते. नवऱ्याला हे कळेल का, झेपेल का, या प्रश्नावर कादंबरी उभी आहे. वाईट माणूस एकही नाही आणि तरीही दोन जगांतलं अंतर जात नाही, हे त्यांनी शांतपणे लिहिलं आहे. आरडाओरडा कुठेच नाही.

त्याच सुमारास त्या लहान मुलांसाठीही लिहू लागल्या. १९८१ साली रॉबिन काहुकिवा या चित्रकर्तीबरोबर केलेलं आजीबाई आणि कोळ्याचं पुस्तक आलं. आजी विणते आणि कोळीही विणतो. कुणाचं विणकाम चांगलं यावर दोघांचं भांडण. एवढीशी गोष्ट! पण त्यातली आजी माओरी, तिचं स्वयंपाकघर माओरी, तिची नातवंडं माओरी. पुस्तक इंग्रजीत आलं तसं माओरीतही आलं. १९८४ साली पोरिरुआ गावातल्या मुलांवर आणखी एक पुस्तक आलं. त्यात एक जादूची वाम (माओरीत वामेला 'तुना' म्हणतात, डब्यातला ट्यूना तो वेगळा) एका रस्त्यावरच्या सगळ्या मुलांना नाचासाठी आपापल्या परंपरेतली वस्तू देते. माओरी मुलांना त्यांची, सामोअन मुलांना त्यांची, गोऱ्या मुलांना त्यांची. त्या रस्त्यावर राहणारं कुणीच सुटत नाही. अनुक्रमणिका बघणारी शिक्षिका मला इथे अगदी स्पष्ट दिसली.

पुस्तकं धोकादायक असतात, असं त्यांनी एका भाषणात शिक्षकांना सांगितलं होतं. त्याचा आशय असा. मुलाच्या घरचे संस्कार, रीतभात पुस्तकात कधीच येत नसतील, तर ते पुस्तक धोक्याचं. ते फक्त दुसऱ्यांबद्दलच बोलत असेल, तर 'तू अस्तित्वातच नाहीस' असं ते मुलाला सांगतं. मुलाबद्दल बोलत असेल पण खोटं, तर तोही धोका. आणि खरं असून नेमकं वाईट तेवढंच सांगत असेल, तर तोही. बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात पाठ्यपुस्तकाची कसोटी मला इतकी नेमकी वाचायला मिळाली नव्हती.

१९८५ साली व्हिक्टोरिया विद्यापीठाची लेखकवृत्ती मिळाली आणि त्यांनी शिकवणं सोडलं. पुढच्याच वर्षी 'पोटिकी' आली. पोटिकी म्हणजे घरातलं सगळ्यात धाकटं मूल. मराठीत याला शेंडेफळ हा किती चपखल शब्द आहे! कादंबरीतलं शेंडेफळ म्हणजे तोको, शरीरानं अधू असलेला मुलगा, ज्याला पुढचं दिसतं. समुद्रकाठची एक माओरी वस्ती. तिथे एक धनिक बिल्डर येतो. वस्तीचे लोक त्याला 'डॉलरमॅन' म्हणतात. त्याला पर्यटकांसाठी मोठा प्रकल्प करायचा आहे. वस्तीनं वाट सोडावी, सभागृह हलवावं, पूर्वजांची दफनभूमी हलवावी. लोक नम्रपणे नाही म्हणतात. मग पाणी वळवून दफनभूमी बुडते. मग कोरीव खांबांचं सभागृह जळतं. लोक ते पुन्हा बांधतात. शेवटी तोकोचा जीव जातो.

तोकोची पालक आई रोइमाता. तिचा एक मुलगा, मानू, शाळेला घाबरतो. ती त्याला घरीच ठेवते आणि गोष्टी सांगत शिकवते. हळूहळू सगळे एकमेकांना गोष्टी सांगू लागतात, आणि तीच त्यांची शाळा होते. कादंबरीच्या आरंभी एक कारागीर सभागृहाचं कोरीवकाम करताना एक जागा मोकळी सोडतो. ज्याची गोष्ट अजून घडायची आहे त्याच्यासाठी. शेवटी त्या जागी तोकोची आकृती येते.

हे सगळं हवेतून आलेलं नव्हतं. १९७५ साली व्हिना कूपर या वयोवृद्ध बाईंनी उत्तर टोकापासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत जमिनीसाठी पदयात्रा नेली होती. १९७७-७८ मध्ये ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंटवर माओरी लोक ५०६ दिवस ठाण मांडून बसले आणि मग पोलिसांनी त्यांना उठवलं. रॅग्लनला युद्धकाळात विमानतळासाठी घेतलेली जमीन परत न करता तिथे गोल्फचं मैदान झालं होतं, त्यासाठीही लढा झाला. तरी 'पोटिकी' आली तेव्हा काहींनी ती राजकीय आहे, वंशावंशांत तेढ लावणारी आहे, अशी ओरड केली. बाईंचं म्हणणं एवढंच, की मी साध्या माणसांचं रोजचं जगणं लिहिलं. १९८७ सालचा न्यूझीलंडचा कादंबरीचा पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला.

दुसरी तक्रार भाषेची. 'पोटिकी'त माओरी शब्द आहेत, वाक्यं आहेत, आणि शेवट तर माओरीतच आहे. त्याला ना तिरका टाइप, ना मागे शब्दसूची. स्वतःच्याच देशात आपल्या भाषेला परकी असल्यासारखं वागवायचं नाही, अशी त्यांची भूमिका. हे पुस्तक लिहिलं जात होतं तेव्हा माओरी ही त्या देशाची अधिकृत भाषाही नव्हती. तो कायदा १९८७ सालचा.

आता माझ्यासारखीला यात काय वाटलं ते सांगते. कॉलेजात इंग्रजी कादंबऱ्या वाचताना 'स्कोन' म्हणजे काय, 'मूर' म्हणजे कसला माळ, 'व्हिकर' म्हणजे नक्की कोण, हे कुठल्या पुस्तकानं आम्हाला समजावलं होतं? नाही कळलं तर आपली अक्कल कमी, असं धरून पुढे वाचायचं. 'पोटिकी' वाचताना मला माओरी शब्द अडले, तसे इंग्रजीही अडले. मला दोन्ही सारखेच. पण ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्या वाचकाला पहिल्यांदाच दाराबाहेर थांबून कानोसा घ्यावा लागला. आपण जन्मभर जे केलं ते त्यानं एका पुस्तकापुरतं केलं, यात तक्रार करण्यासारखं काय आहे?

मला सगळ्यात जड गेलं ते त्यांचं १९९८ सालचं 'बेबी नो-आइज'. त्यात कुरा नावाच्या आजी आपल्या बालपणची गोष्ट सांगतात. रिरिपेती ही धाकटी मुलगी कुराच्या सोबतीनं शाळेत जाऊ लागते. तिला इंग्रजी येत नाही. शाळेत तिचं नाव बदलून बेटी करतात. बाई काय सांगतात ते कळत नाही, म्हणून शिक्षा. कोपऱ्यात उभं राहायचं. पोर रोज आजारी पडते आणि शेवटी मरते. शाळेनं मरते. कुरा मोठी झाल्यावर आपल्या मुलांना ना भाषा देते ना गोष्टी. त्यांच्या भल्यासाठीच. आणि म्हातारपणी एक दिवस ठरवते की आता इंग्रजी बंद, आणि दाबून ठेवलेल्या गोष्टी बाहेर काढायच्या.

हे वाचून पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं. घरी 'व्हय' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत 'होय' लिहायला शिकवणं हे आपलं कामच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'व्हय' म्हणणारी त्याची आई अडाणी, असं त्याच्या मनात रुजू न देणं, हेही तितकंच आपलं काम. दुसरं काम कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेलं नसतं. त्यामुळे त्याची परीक्षाही होत नाही.

२००४ साली आलेल्या 'तू' या कादंबरीत आपला एक धागा सापडतो. ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या माओरी पलटणीची, इटलीतल्या लढाईची. बाईंचे वडील त्या पलटणीत होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये कासिनोच्या रेल्वे स्टेशनवर सुमारे दोनशे माओरी सैनिक चालून गेले. त्यातले निम्म्याहून अधिक मेले, जखमी झाले वा पकडले गेले. त्याच आघाडीवर हिंदी फौजाही होत्या. आणि ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आपली आठवी हिंदी डिव्हिजन शेजारी शेजारी लढली. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवशीच्या, त्याच नदीवरच्या पराक्रमासाठी. माओरी नेते अपिराना न्गाता यांनी १९४३ साली म्हटलं होतं, की हे रक्त म्हणजे नागरिकत्वाची किंमत. कादंबरीतला तू हा तीन भावांतला धाकटा, पुन्हा शेंडेफळच. किंमत मोजून झाली, पण माल मिळाला का, असं तो पुढच्या पिढीला विचारतो. आपल्याकडच्या किती घरांत हा प्रश्न विचारायचा राहून गेला असेल!

मानसन्मान पुष्कळ मिळाले. 'डॉगसाइड स्टोरी' २००१ साली बुकरच्या लांब यादीत होती, २००८ साली अमेरिकेतला नॉयस्टाट पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये न्यूझीलंडनं जुन्या 'सर' आणि 'डेम' या पदव्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा त्यांना 'डेम' होता आलं असतं. त्यांनी घेतली नाही.

पण या सगळ्यापेक्षा मला २०१४ची गोष्ट मोठी वाटते. कापिती किनाऱ्यावर द्रुतगती मार्ग होणार होता आणि त्यासाठी वाइकानाए इथली त्यांची थोडी जमीन सरकारला सक्तीनं हवी होती. ही जमीन त्यांचे पूर्वज वी पराता यांच्याकडून आलेली, वडिलोपार्जित जमिनीतला उरलासुरला तुकडा. सत्तरी ओलांडलेल्या बाई कोर्टात गेल्या. माओरी लॅण्ड कोर्टानं ती जमीन माओरी राखीव ठरवली, आणि राखीव जमीन अशी सक्तीनं घेता येत नाही, असा निर्णय पर्यावरण न्यायालयानं दिला. 'पोटिकी' लिहून २८ वर्षं झाली होती.

इतिहास शिकवलेल्या माणसाला यातलं वी पराता हे नाव ऐकून थांबावं लागतं. हे गृहस्थ खासदार होते. १८७७ साली त्यांनी वेलिंग्टनच्या बिशपवर दावा लावला. माओरींनी १८४८ साली पोरिरुआजवळ व्हितिरेइआची जमीन चर्चला दिली होती, मुलांसाठी शाळा बांधावी म्हणून. शाळा कधी बांधलीच नाही. जमीन परत द्या, एवढीच मागणी. न्यायमूर्ती प्रेंडरगास्ट यांनी दावा फेटाळला आणि वर वाइटांगीचा करारच कायद्यानं शून्यवत ठरवला. त्या एका निकालाचा आधार घेऊन पुढे कित्येक वर्षं माओरींचे दावे नाकारले गेले.

म्हणजे पूर्वज कोर्टात गेला तो न बांधलेल्या शाळेसाठी, आणि हरला. त्याची वंशज शिक्षिका झाली. त्याच पोरिरुआ भागात तिनं मुलं शिकवली, आणि १३७ वर्षांनी त्याच्याच जमिनीच्या तुकड्यासाठी कोर्टात जाऊन जिंकली. मधल्या काळात कायदा बदलला होता, हे खरं. पण कायदा आपोआप बदलत नाही. पदयात्रा लागतात, ५०६ दिवस बसावं लागतं, आणि ज्यांना आपण अस्तित्वातच नाही असं शिकवलं गेलं त्यांना आपण आहोत असं सांगणारी पुस्तकंही लागतात. शेवटचं काम दिसत नाही, म्हणून त्याची नोंद कमी होते.

बाईंनी लिहिणं थांबवलं नाही. २०२१ साली आत्मचरित्र आलं. त्याच वर्षी त्यांच्या 'कझिन्स' या कादंबरीवरचा चित्रपट आला. २०२४ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, नवा कथासंग्रह.

असो. लेख लांबला. ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे त्यांनी निदान त्या आजीबाई आणि कोळ्याचं पुस्तक मिळवावं आणि नातवंडांना मांडीवर घेऊन वाचून दाखवावं. दहा मिनिटं लागतात. वाचून झालं की त्यांना विचारा, यातली आजी आपल्या कोणासारखी वाटली. माझ्या नातीनं लगेच नाव घेतलं. कुणाचं, ते मात्र सांगत नाही, कारण ज्यांचं घेतलं त्याही हा लेख वाचतात!